सौर छत बसविताना : काळजी कोणाची आणि कोणी घ्यावयाची

विचुंबे, देवद, उसर्ली या आपल्या परिसरातील गच्च्यांवर गेल्या काही वर्षांत निळ्या-काळ्या काचेच्या पट्ट्या दिसू लागल्या आहेत. पूर्वी गच्चीवर पाण्याची टाकी, डिश अँटेना आणि फार तर सौर बंबाच्या नळ्या असत. आता त्यांच्या शेजारी वीज तयार होते. दि. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’ने या बदलाला वेग दिला. देशातील एक कोटी घरांवर सौर छत बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये असे अनुदान तिच्यात ठरविले आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. एक किलोवॅटचा संच सरासरीने महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. हा हिशेब बहुतेक पालकांना आता तोंडपाठ आहे. पालक सभेत आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर असा संच बसविण्याचा विषय निघतो, तेव्हा चर्चा खर्च, अनुदान आणि विजेचे बिल यांच्याभोवतीच फिरते. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, वीज अभियंता नाही. परंतु या विषयाला इतिहासाची एक बाजू आहे आणि तिच्यावाचून सुरक्षिततेचा प्रश्न नीट समजत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात, खोपोलीला, १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे झाली. वीज जिल्ह्यात तयार होई आणि तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाई. त्या काळी वीज निर्माण करणारा आणि वीज वापरणारा यांच्यात डोंगर, तारा, केंद्रे आणि प्रशिक्षित माणसांची मोठी फळी उभी असे. उंचावर चढावयाचे, उच्च दाबाच्या वाहकाला हात लावावयाचा, जमिनीत आर्थिंग उतरवायचे, आकाशातील विजेपासून यंत्रे वाचवायची, ही सारी कामे त्या फळीची होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आले, २००५ मध्ये त्याचे विभाजन होऊन महावितरण आले, तरी ही विभागणी कायम राहिली. ग्राहकाची जबाबदारी मीटरच्या अलीकडे सुरू होई आणि मेन स्विचपाशी जवळजवळ संपे.

सौर छताने ही रेषा पुसून टाकली आहे. तीन किलोवॅटचा संच बसविणारा गृहस्थ एका लहानशा वीज केंद्राचा मालक होतो. केंद्राचे लाभ जसे त्याचे, तसे केंद्रातले धोकेही त्याच्याच छपरावर येतात. त्यांतील सर्वांत मोठे धोके त्याला स्वतःला क्वचितच भोगावे लागतात. ते वाट्याला येतात त्याच्या गच्चीवर पट्टी उचलून नेणाऱ्या मजुराच्या, आणि त्याच्या गल्लीतील खांबावर चढलेल्या वायरमनच्या.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याचा एक भाग आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण सारे जाणतो. त्याच खात्याकडे वीज आणि जलसिंचन हे विषयही होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. दि. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेवाचून देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणावाचून गरिबीचे चक्र तुटणार नाही, असा विचार मांडला होता. कामगारांचे आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयकही त्यांनीच मांडले. विजेची फाइल आणि मजुराची फाइल एकाच मेजावर होत्या. आज सौर छताच्या चर्चेत पहिली फाइल जाडजूड आहे आणि दुसरी जवळजवळ कोरी आहे, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आरंभ छपरापासूनच करावयास हवा, कारण या कामातील गंभीर अपघातांचे पहिले कारण वीज नसून उंचावरून पडणे हे आहे. आपल्या भागात तीन प्रकारची छपरे दिसतात. नव्या इमारतींवर काँक्रीटचा स्लॅब आहे. जुन्या घरांवर मंगलोरी कौले आहेत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर ती किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणभर पसरली. तिसरा प्रकार पत्र्याचा, आणि त्यातही सिमेंटच्या पत्र्याचा. गोठा, वाढीव खोली, कारखान्याची शेड, जुन्या शाळांच्या पडव्या यांवर हा पत्रा सर्रास आढळतो.

सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेल असे दिसते, पण तो पेलत नाही. उन्हापावसात जुना झालेला पत्रा तर पाऊल पडताच कोणताही आवाज न करता फुटतो आणि माणूस सरळ खालच्या फरशीवर येतो. कौलारू घरावर चढणारे आपले जुने कारागीर कौलांवर पाय न देता खालच्या वाशाच्या रेषेवर पाय देत. ती विद्या आता दुर्मीळ झाली आहे. सिमेंटच्या पत्र्याला तर ही विद्याही पुरेशी नाही. त्यावर काम करावयाचेच असेल तर वजन दोन-तीन आधारांवर वाटले जाईल अशा लांब फळ्या टाकून, त्या फळ्यांवरूनच चालावे, आणि खाली जाळे किंवा मचाण असावे. शक्य असल्यास पत्र्यावर चढू नये, संचासाठी स्वतंत्र सांगाडा जमिनीतून वर आणावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. त्याला ड्रिलने भोके पाडली की ते तंतू धुळीबरोबर फुप्फुसात जातात आणि त्यांचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी प्रकट होतात. अशा पत्र्याला भोक पाडू देऊ नये.

स्लॅबची गच्ची तुलनेने सुरक्षित असली तरी तिथेही पडण्याचे प्रसंग येतात. अनेक खासगी इमारतींना कठडाच नसतो, किंवा तो गुडघ्याएवढा असतो. मजूर सुमारे सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद अशी काचेची पट्टी दोन हातांत धरून पाठमोरा चालतो, तेव्हा त्याला कडा दिसत नाही. अशी एक पट्टी साधारण २७-२८ किलो वजनाची असते. वाऱ्याची एक झुळूक आली तरी ती शिडासारखी ओढते. म्हणून पट्टी एकट्याने नेऊ नये आणि कडेपासून दोन मीटरच्या आत काम असेल तर अंगावर पूर्ण शरीराचा सुरक्षा पट्टा असावा. पट्टा घालणे निराळे आणि तो पक्क्या जागी अडकविणे निराळे. पट्ट्याची दोरी पाण्याच्या पीव्हीसी पाइपला, विटांच्या कठड्याला किंवा डिश अँटेनाच्या दांडीला बांधलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. पडणाऱ्या माणसाचा झटका यांपैकी काहीही सोसू शकत नाही. दोरी इमारतीच्या खांबात वा तुळईत बसविलेल्या लोखंडी कडीलाच हवी.

शिडीबद्दल फार लिहीत नाही. चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरच्या कडेच्या पुढे तीन फूट शिडी आलेली, आणि खाली एक माणूस धरून उभा, एवढे पुरे. ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांजवळ नेऊ नये.

तारांचा विषय आला म्हणून लगेच सांगतो, कारण हा धोका आपल्या वस्त्यांत विशेष आहे. विचुंब्यासारख्या गावांत, जिथे गावठाण आणि नैना क्षेत्रातील नव्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, तिथे वीजवाहिनी आधी आली आणि मजले नंतर चढले. परिणामी कित्येक गच्च्यांच्या कडेने तारा जातात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरगुती पुरवठ्याची उघडी वाहिनी इमारतीपासून आडवे किमान १.२ मीटर आणि छपराच्या वर किमान २.५ मीटर असावी लागते. ११,००० व्होल्टच्या वाहिनीला वरचे अंतर ३.७ मीटर आणि आडवे १.२ मीटर ठरविले आहे. आता कल्पना करा, सांगाड्याचा चार मीटर लांबीचा लोखंडी पाइप जिन्यातून वळत नाही म्हणून बाहेरून दोरीने वर ओढला जातो. तो अधांतरी फिरतो आणि त्याचे टोक तारेकडे जाते. ११,००० व्होल्टच्या तारेला तो टेकावाही लागत नाही; पुरेसा जवळ गेला तरी ठिणगी उडी मारते आणि दोरी ओली असेल तर ओढणाऱ्यापर्यंत पोहोचते. अशा जागी काम करण्यापूर्वी महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन तेवढ्या वेळापुरती वाहिनी बंद करून घेता येते. एक-दोन तास शेजारच्यांचे पंखे बंद राहतील. शेजाऱ्यांना आधी सांगावे, ते समजून घेतात.

यानंतर वाऱ्याचा विचार. दि. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा भागांतील उडालेली छपरे आणि आडव्या झालेल्या नारळी-पोफळींच्या बागा आपण पाहिल्या आहेत. दुसऱ्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. म्हणजे आपण ज्या छपरावर पंचवीस वर्षांसाठी काच आणि लोखंड मांडीत आहोत, त्याला अशा वाऱ्याला तोंड द्यावे लागणार, हे गृहीत धरूनच चालावे लागेल.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ५७ किलो वजनाइतका भरतो. अडीच चौरस मीटरहून थोड्या मोठ्या पट्टीवर तो जवळजवळ १५० किलो होतो. पट्टीचा कल, उंची आणि गच्चीवरील जागा यांप्रमाणे हा आकडा कमी-अधिक होईल, कोपऱ्यात तो वाढतो. पण २८ किलोच्या पट्टीला दीडशे किलोच्या ओढीने उचलले जाऊ शकते, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे. भारतीय मानक ८७५ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला तीच ओढ तीनशे किलोच्या घरात जाते. काही ठेकेदार गच्चीला भोक नको म्हणून नुसते काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर सांगाडा उभा करतात. एक फूट लांबी-रुंदी-उंचीचा भरीव ठोकळा ७० किलोपेक्षा थोडा कमी भरतो. प्रत्येक पट्टीमागे असे किती ठोकळे आहेत, हे मोजण्यासाठी अभियंता लागत नाही. चौथी-पाचवीतले गणित पुरते.

सध्या गच्चीचा वापर करता यावा म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडे करण्याची पद्धत रूढ झाली आहे. सोय आहे, सावलीही मिळते. पण खालून मोकळा शिरणारा वारा अशा सांगाड्याला छत्रीसारखा उलटवू पाहतो. त्याचे पाय गच्चीच्या मधल्या पातळ स्लॅबवर न टेकता खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेवर यावेत, तेथे रासायनिक लेप भरून बोल्ट पक्के करावेत, प्रत्येक भोकाभोवती पाणीरोधक काम व्हावे, आणि नकाशावर बांधकाम अभियंत्याची सही असावी. ज्या इमारतीचा स्वतःचाच नकाशा कोणाजवळ नाही, तिच्यावर उंच सांगाडा चढविण्याचा आग्रह मी धरणार नाही. लोखंडाच्या बाबतीत, खाडीकडचा खारा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने यांचा विचार करून तप्त जस्तलेप दिलेलेच लोखंड घ्यावे. जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन असावा. जागेवर वेल्डिंग करून त्यावर चंदेरी रंग फासला की ते जस्तलेपासारखे दिसते, पण पहिल्या दोन पावसाळ्यांतच सांध्यांतून तांबूस ओघळ येऊ लागतात. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत.

विजेचा भाग मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण त्याच्याविषयी गैरसमज सर्वाधिक आहेत.

पहिला गैरसमज असा की मेन स्विच बंद केला म्हणजे सर्व बंद झाले. घरातील वीज प्रत्यावर्ती प्रवाहाची, म्हणजे एसी असते. सौर पट्टी मात्र दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी तयार करते, आणि ऊन आहे तोवर ती करीतच राहते. तिला स्विच नाही. एका पट्टीचा दाब साधारण ५० व्होल्टपर्यंत असतो. अशा दहा पट्ट्या एकापुढे एक जोडल्या की गच्चीवरून खाली येणाऱ्या केबलमध्ये पाचशे व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. इन्व्हर्टर बंद असला, महावितरणची वीज गेलेली असली, मीटर काढून नेले असले, तरी पट्टीपासून डीसी स्विचपर्यंतच्या त्या केबलमध्ये हा दाब असतोच.

दुसरी गोष्ट ठिणगीची. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सांधा उघडताना पडलेली ठिणगी सहसा आपोआप विझते. डीसी शून्यावर येत नाही. चालू संचाचा जोड ओढून काढला तर दोन टोकांमध्ये पेटलेली ज्योत टिकून राहते, धातू वितळविते आणि हात भाजते. म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी एसी बाजूचा स्विच, मग डीसी बाजूचा स्विच, मग थांबणे, मग तपासणे, आणि त्यानंतरच जोडाला हात. सैल राहिलेला जोड तर कोणी हात न लावताही महिनोन्‌महिने तापत राहून एके दिवशी पेट घेतो. नर-मादी जोड एकाच कंपनीचे असावेत आणि ते पक्कडीने चेपून न बसविता त्यासाठीच्या खास दाबयंत्राने बसवावेत. दोन कंपन्यांचे जोड एकमेकांत बसतात, म्हणून ते चालतात असे नव्हे. अमेरिकेत वॉलमार्टने ऑगस्ट २०१९ मध्ये टेस्लाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. सात दुकानांच्या छपरांवरील सौर संचांना आगी लागल्या आणि त्यांचे मूळ निष्काळजी उभारणीत व देखभालीत होते, असा तिचा आरोप होता. पुढे त्याच वर्षी दोघांत तडजोड झाली. एवढ्या मोठ्या व्यवहारांतही वाद अखेर उभारणी आणि देखभाल यांवर आला, ही गोष्ट बोलकी आहे.

तिसरा गैरसमज लोडशेडिंगचा. सौर छत बसविले म्हणजे बाहेरची वीज गेली तरी घरात दिवे राहतील, असे पुष्कळांना वाटते. बॅटरी नसलेल्या साध्या संचात तसे होत नाही. महावितरणची वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. लोक यास दोष समजतात आणि कोणीतरी ‘जुगाड’ करून देतो काय, असे विचारतात. हा दोष नाही, ते एका माणसाच्या जीवाचे कुंपण आहे. वाहिनीत बिघाड झाला की वायरमन रोहित्रावरून पुरवठा बंद करून खांबावर चढतो. त्या वेळी गल्लीतील एखाद्या गच्चीवरचा संच वीज उलट वाहिनीत सोडत असेल, तर मृत समजलेली तार जिवंत होते. शिवाय तीच वीज रोहित्रातून उलट चढून ११,००० व्होल्टच्या बाजूलाही जाऊ शकते. इन्व्हर्टरने अशा वेळी आपोआप तुटावे यासाठी भारतीय मानक १६१६९ आहे, आणि आपल्या इन्व्हर्टरला ते प्रमाणपत्र असल्याची खात्री खरेदीपूर्वी करावी. ज्यांना वीज गेल्यावरही पुरवठा हवा, त्यांनी बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो घर वाहिनीपासून वेगळे करूनच वीज देतो. जनरेटर असलेल्या संस्थांनी जनरेटर आणि सौर संच एकत्र येऊ नयेत यासाठी बदलस्विच परवानाधारक ठेकेदाराकडूनच बसवावा. वायरमन बहुधा कंत्राटी असतो, पावसात चढतो, आणि आपल्या गच्चीवर काय आहे हे त्याला खांबावरून दिसत नाही.

आर्थिंगसाठी तीन स्वतंत्र खड्डे असतात : सांगाडा व डीसी बाजूसाठी एक, एसी बाजूसाठी एक आणि तडितरक्षकासाठी एक. खर्च वाचविण्यासाठी तिन्ही तारा एकाच खड्ड्यात उतरविणारे, किंवा नळाच्या पाइपला गुंडाळणारे ठेकेदार भेटतात. मोजणी उन्हाळ्यात, माती कोरडी असताना करावी. पावसाळ्यात ओल्या मातीत कोणताही खड्डा चांगलाच आकडा दाखवितो. पाच ओहमपेक्षा कमी रोध असावा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्यावा.

निवासी शाळांपुरत्या काही गोष्टी वेगळ्या आहेत. गच्चीच्या दाराला कुलूप असते, पण किल्ली कुठे ठेवली आहे हे मुलांना माहीत असते. सांगाड्याच्या आडव्या पाइपवर ओले कपडे वाळत घालणे, केबलच्या नळीला दोरी बांधणे, चेंडू आणायला पट्टीवर पाय देणे, संक्रांतीच्या सुमारास पतंगासाठी सांगाड्यावर चढणे, या गोष्टी होतातच. संचाभोवती स्वतंत्र जाळीचे कुंपण करावे, कपड्यांसाठी दुसरी जागा द्यावी, म्हणजे नुसत्या सूचनांवर विसंबावे लागणार नाही. बॅटऱ्या असतील तर त्या मुलांच्या झोपण्याच्या खोलीत किंवा जिन्याखाली कधीही ठेवू नयेत. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, लिथियमची बॅटरी पेटली तर विझविणे फार कठीण जाते, आणि जिना हीच तर मुलांची बाहेर पडण्याची वाट. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढी नदीचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना इन्व्हर्टर तळमजल्यावर जमिनीलगत का लावू नये, हे सांगावे लागणार नाही. पाणी ओसरल्यावर बुडालेल्या इन्व्हर्टरला हात लावू नये. वर ऊन असेल तर त्याच्या तारा अजून जिवंत आहेत.

धुणे-पुसणे सकाळी लवकर करावे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर काच तडकते, आणि तडकलेल्या पट्टीवर ओला हात हा थेट धोका आहे. शेवाळलेल्या गच्चीवर जुलैमध्ये कोणालाही धुण्यासाठी चढवू नये, त्या महिन्यात हे काम पाऊस स्वतः करतो.

आता त्या दुसऱ्या फाइलविषयी. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले आयटीआय करून याच व्यवसायात आहेत. किलोवॅटमागे ठरलेल्या दरावर टोळ्या काम करतात. जितकी घरे लवकर संपतील तितकी कमाई. दर खाली पाडला की पहिल्यांदा सुरक्षा पट्टा, दुसरा मदतनीस आणि दुपारची विश्रांती जाते. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर बारा ते तीन उभे राहणे हेच मुळात धोकादायक आहे. १९२३ च्या कायद्याने कामावरील अपघाताची भरपाई मालकाच्या जबाबदारीत आणली, पण टोळीतला मुलगा कोणाचा कामगार आहे हे अपघातानंतर शोधत बसावे लागते. म्हणून काम देतानाच शासनमान्य विद्युत ठेकेदाराचा परवाना, कामगारांच्या विम्याचा कागद आणि योजनेच्या यादीतील विक्रेता नोंदणी पाहावी. सूर्यघर योजनेत विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करावयाची असते, तेही करारात लिहून घ्यावे. चार निविदांतील सर्वांत स्वस्त निविदा निवडताना ती कशाच्या जिवावर स्वस्त झाली, हा प्रश्न घरमालकाने विचारलाच पाहिजे. आणि वारा सुटला, आभाळ आले, पट्टा मिळाला नाही म्हणून एखाद्या मुलाने काम थांबविले, तर त्या दिवसाचा रोज त्याला द्यावा. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. कोयनेचे धरण ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील हे गाव. असे गाव उभे राहते तेव्हा प्रत्येक छपरावर कोणीतरी चढलेले असते.

काम पूर्ण झाल्यावर नेट मीटर बसण्यापूर्वी महावितरणचा कर्मचारी पाहणीस येतो. त्या दिवशी घरातील एका जाणत्या व्यक्तीने त्याच्याबरोबर गच्चीवर जावे, दोन्ही स्विच कोठे आहेत ते हाताने चालवून पाहावेत आणि तिन्ही आर्थिंगचे आकडे, पट्ट्यांचे व इन्व्हर्टरचे क्रमांक, हमीपत्रे एका वहीत लावावीत. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, बोल्ट, गंज, केबलवरील उंदराचे दात आणि जोडांचा रंग पाहून त्याच वहीत नोंद करावी. तळमजल्यावर मीटरशेजारी एक पाटी हवी. ‘या इमारतीवर सौर संच आहे’ ही पहिली ओळ, त्याखाली आधी कोणता आणि नंतर कोणता स्विच बंद करावयाचा याचा क्रम, पट्ट्यांकडील केबल दिवसा जिवंत असते ही सूचना, आगीवर पाणी न मारता कोरड्या भुकटीचे अथवा कार्बन डायऑक्साइडचे उपकरण वापरावे ही सूचना, आणि अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ व विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हे क्रमांक. बाजारात तयार पाट्या इंग्रजीत मिळतात. आपली पाटी मराठीत रंगवून घ्यावी, रात्रपाळीच्या रखवालदाराला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.